सीओटू वेल्डिंग

वायूच्या आच्छादनाखाली धातूची तार विद्युत प्रज्योतीने (आर्कने) वितळवून केलेले जोडकाम. विश्वकोशी मराठीत वेल्डिंगला ‘वितळजोडकाम’ असा नेटका शब्द आहे, पण बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत तो मराठी कारागिराच्याही तोंडी यायचा नाही. तिथे ‘सीओटू’ म्हटले की काम कळते. आर्गॉन किंवा हेलियम वापरला तर मिग आणि कार्बन डायऑक्साइड किंवा त्याचे मिश्रण असले तर मॅग, हा भेद बहुतेक कागदावरच राहतो.

१९४८ मध्ये अमेरिकेतील बॅटेल संस्थेत ही पद्धत ॲल्युमिनियमसारख्या धातूंसाठी विकसित झाली. आर्गॉन महाग, त्यामुळे साध्या पोलादाला ती परवडेना. १९५३ पासून स्वस्त कार्बन डायऑक्साइड वापरात आला आणि पद्धत फॅब्रिकेशनच्या शेडपर्यंत पोचली.

रॉड वेल्डिंगमध्ये रॉड जळेल तसा हात खाली न्यावा लागतो. इथे रिळावरची ०.८ ते १.२ मिलिमीटर जाडीची तार फीडर ठरावीक वेगाने पुढे ढकलतो. व्होल्टेज जवळपास स्थिर असते. हात थरथरून टॉर्च, म्हणजे तार आणि वायू सोडणारी हातातली नळी, किंचित वर गेली, की प्रज्योत लांबते, करंट उतरतो, तार हळू वितळते आणि प्रज्योत पुन्हा मूळ लांबीवर येते. टॉर्च खाली आली तर याच्या उलट. नवशिक्या महिन्याभरात बरा दिसणारा टाका (जोडाची धातूची रेघ) मारू लागतो तो या गुणामुळे. पण दिसायला बरा टाका आतून पक्का असतोच असे नाही: करंट कमी पडला तर धातू नुसता वर बसतो, खालच्या पत्र्यात मुरत नाही. तारेचा वेग वाढवला की करंट वाढतो, हे एकदा डोक्यात बसले की अर्धे सेटिंग आले. पातळ पत्र्यावर तार सेकंदाला वीस ते दोनशे वेळा टेकून तुटते. फोडणीतल्या मोहरीसारखी एकसारखी तडतड आली की सेटिंग जमले.

वायू मात्र नाजूक. मे महिन्यात बडोद्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये अंगाची लाही होत असताना बाटल्याच्या (सिलिंडरच्या) रेग्युलेटरवर पांढरे हिम धरते, कारण दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड प्रसरण पावताना थंड होतो. म्हणून तिथे हीटर लावतात. उकाड्याने कुणी पंखा टॉर्चकडे वळवला, की मिनिटाला दहा-पंधरा लिटरने येणारे आच्छादन उडून जाते, हवा आत शिरते आणि टाक्यावर जाळीदार भोके पडतात. ती ग्राइंडरने खोल काढून पुन्हा भरावी लागतात. वरून लिंपून भागत नाही. प्रज्योतीत खुद्द कार्बन डायऑक्साइडही फुटून ऑक्सिजन सुटतो. तो बांधायला तारेत सिलिकॉन व मँगनीज घातलेले असते. टाक्यावर दिसणाऱ्या तपकिरी, काचेसारख्या टिकल्या त्याचाच अवशेष. रंगकामाआधी त्या खरवडतात.

यंत्रविद्या या गावाला नवी नाही. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये काढलेले कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. कोयलीची रिफायनरी आणि बाजव्याचा खतकारखाना शेजारी असल्यावर टाक्या, नळ आणि सांगाडे यांचे काम शहराला लागायचेच. टाकीच्या आत सीओटू मारताना जपावे लागते: कार्बन डायऑक्साइड आणि आर्गॉन दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतात. त्यांना रंग नाही आणि गुदमरल्याचे उशिरा कळते. माणूस उतरण्याआधी ब्लोअरने ताजी हवा आत सोडतात, ऑक्सिजन मोजतात आणि मॅनहोलवर एक जण बसवून ठेवतात.