हरितलवक आणि पेशीचे अन्न

हरितलवक हे हिरव्या वनस्पतींच्या व शैवालांच्या पेशींतील अंगक, म्हणजे ठरावीक काम करणारा पेशीचा भाग, असून प्रकाशाच्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून कर्बोदके तयार करणे हे त्याचे मुख्य कार्य होय. झाड मातीतून अन्न घेते असे सर्रास म्हटले जाते. वास्तविक मुळे शोषतात ते पाणी आणि खनिजे, तर पेशीला ऊर्जा पुरवणारे अन्न हरितलवकात बनते.

पानांतील हरितलवके साधारणपणे भिंगाच्या आकाराची व 5 ते 10 मायक्रोमीटर लांबीची असतात. दुहेरी आवरणाच्या आत स्ट्रोमा हा दाट द्रव असतो आणि त्यात थायलाकॉइड नावाच्या चपट्या पिशव्या नाण्यांच्या चळतीसारख्या रचलेल्या असतात. या पिशव्यांच्या पटलातील हरितद्रव्य मुख्यतः निळा व तांबडा प्रकाश शोषून घेते. त्या ऊर्जेने पाण्याचे विघटन होते, ऑक्सिजन बाहेर पडतो आणि एटीपी व एनएडीपीएच ही ऊर्जा वाहून नेणारी संयुगे तयार होतात. ती खर्चून स्ट्रोमामध्ये कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा बनते. शर्करा बनवणाऱ्या या अभिक्रियांच्या चक्राच्या उलगड्याबद्दल रसायनशास्त्रज्ञ मेल्विन केल्विन यांना 1961 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ऑक्सिजन नेमका हरितलवकातूनच निघतो, हे जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर एंगेलमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या युक्तीने दाखवले. स्पायरोगायरा या शैवालाचे हरितलवक पेशीत फितीसारखे वळसे घेत गेलेले असते. एंगेलमान यांनी त्या पेशीवर प्रकाशाचा बारीक झोत टाकला, तेव्हा पाण्यातील ऑक्सिजनप्रिय जीवाणू फितीच्या उजळलेल्या भागापाशी गोळा झाले.

पाठ्यपुस्तकांतील या प्रक्रियेच्या, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाच्या, समीकरणाच्या शेवटी ग्लुकोज लिहिलेले असते, ती केवळ सोय आहे. हरितलवकातून दिवसा बाहेर पडते ती प्रामुख्याने तीन कार्बन अणूंची फॉस्फेटयुक्त शर्करा. तिच्यापासून पेशीद्रवात सुक्रोज बनते आणि रसवाहिन्यांतून मुळे, कळ्या, फळे अशा स्वतः अन्न न बनवणाऱ्या किंवा अपुरे बनवणाऱ्या भागांकडे जाते. उरलेली शर्करा अनेक वनस्पतींत हरितलवकातच स्टार्चच्या कणांच्या रूपात साठते. रात्री त्या स्टार्चचे विघटन होऊन मिळणाऱ्या शर्करा पेशीच्या कामी येतात, आणि त्यांतील ऊर्जा मुख्यतः तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) ही पेशीतील दुसरी अंगके मोकळी करतात. तंतुकणिकांचे हे काम दिवसाही थांबत नाही.

बटाट्याच्या कंदातील स्टार्च साठवणारी रंगहीन लवके हरितलवकांचीच भावंडे होत. कंद उजेडात राहिला की त्यांच्यापैकी काहींचे रूपांतर हरितलवकांत होते आणि साल हिरवी दिसू लागते.