सौना, वाफ आणि थंड टाके : एका घरगुती सोयीची पार्श्वभूमी

व्यायामाने दमलेल्या अंगासाठी घरातच उष्ण खोली आणि तिच्या शेजारी थंड पाण्याचे टाके करून घेण्याची पद्धत ग्रामीण विदर्भात अगदी अलीकडे आली. पोलीस भरतीसाठी 1600 मीटर धावण्याचा सराव करणारी मुले, कबड्डीपटू आणि शहरातील नोकरी संपवून गावी परतलेले काही गृहस्थ तिच्याकडे वळले आहेत. गुरे विकल्यानंतर रिकामा पडलेला कोठा किंवा बोअरजवळची मोकळी जागा त्यासाठी निवडली जाते. मात्र या सोयीविषयीचा घोळ बांधकामापूर्वीच, 'सौना' या शब्दापाशी सुरू होतो.

हा शब्द फिनलंडचा. तेथे त्याचा अर्थ लाकडाने मढवलेली, 80 ते 100 अंश सेल्सियसपर्यंत तापणारी, कोरड्या हवेची खोली असा आहे. तापलेल्या दगडांवर अधूनमधून पाणी शिंपडून क्षणभर वाफ उठवतात, एवढाच तिचा वाफेशी संबंध. आपल्याकडे हा शब्द शहरांतील व्यायामशाळा आणि हॉटेले यांच्यामार्फत आला. तेथे शेजारी शेजारी असलेल्या दोन खोल्यांची नावे एकमेकींत मिसळली आणि गावात सौना म्हटले की पांढऱ्या वाफेने भरलेली, फरशी बसवलेली खोली डोळ्यांसमोर येऊ लागली. ती वास्तविक स्टीम बाथची खोली होय. तिचे तापमान 40 ते 50 अंशांच्या आसपासच असते, पण हवेत ओलावा पुरेपूर भरलेला असल्याने घाम वाळत नाही आणि तेवढी उष्णताही जड जाते. पंचकर्म केंद्रांतील, डोके बाहेर ठेवून बसण्याची स्वेदनपेटी आणि हवेपेक्षा अंगच अधिक तापवणारी इन्फ्रारेड कॅबिन यांनाही विक्रेते हेच नाव लावतात, त्यामुळे गुंता आणखी वाढतो.

हा वाद केवळ शब्दांपुरता असता तर सोडून देता आला असता. परंतु कोरड्या खोलीला लाकडी अस्तर, त्यामागे उष्णतारोधक थर आणि हवा खेळण्यासाठी दोन झरोके लागतात, तर वाफेच्या खोलीला फरशी, उतरते छत आणि पाण्याचा चांगला निचरा लागतो. एकीचा आराखडा घेऊन दुसरी वापरली, की फळ्या फुगून त्यांना बुरशी धरते किंवा भट्टी तासभर पेटवूनही सारी उष्णता भिंतीच पिऊन टाकतात.

दुसरा गैरसमज परंपरेचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 14 व्या अध्यायात अग्नीच्या साहाय्याने घाम काढण्याचे 13 प्रकार दिले असून त्यांपैकी जेन्ताक या प्रकारात जलाशयाजवळ बांधलेले मातीच्या भिंतींचे गोल घर, मध्यभागी लाकडांनी तापवलेली भट्टी, भिंतीलगत ओटा आणि धूर निघून गेल्यावर आत प्रवेश असे वर्णन येते. फिनलंडच्या धुराच्या (धुराडे नसलेल्या) सौनाशी त्याचे साम्य थक्क करणारे आहे, यात शंका नाही. मात्र हे साम्य दाखवणारे लोक त्याच परिच्छेदातील पुढची सूचना सहसा वगळतात : बाहेर आल्यावर डोळ्यांच्या रक्षणासाठी एकदम थंड पाण्याला स्पर्श करू नये, अंगातील उष्णता आणि थकवा ओसरल्यावर मुहूर्तभराने (सुमारे 48 मिनिटांनी) कोमट पाण्याने स्नान करावे. जलाशय जवळ असूनही त्यात उडी सांगितलेली नाही. उष्ण खोलीचा वारसा सांगता येईल; थंड टाक्यालाही 'प्राचीन' म्हणणे प्रामाणिकपणाचे नाही.

थंड पाण्याचा उपचार आपल्याकडे बहुतांशी 19 व्या शतकातील जर्मन जलोपचारांतून, निसर्गोपचाराच्या वाटेने आला. वर्ध्याजवळच्या ज्या सेवाग्राम आश्रमामुळे कटिस्नान (कंबरेपर्यंत थंड पाण्यात बसणे) आणि मातीची पट्टी विदर्भाला परिचित झाली, तो 1936 मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी बर्लिनच्या ऑलिम्पिकग्रामात फिनलंडच्या खेळाडूंसाठी सौना उभारला होता आणि त्याच स्पर्धांच्या वेळी अमरावतीच्या एका व्यायामसंस्थेच्या पथकाने तेथे भारतीय खेळ सादर केले होते. यातून योगायोगापलीकडे काही सिद्ध होत नाही. घरोघरचा उष्णतेचा अनुभव म्हणजे बाळंतिणीची शेक-शेगडी आणि सर्दीवरचा वाफारा, इतकाच होता.

आजची लाट मात्र गेल्या दशकातील आहे. पूर्व फिनलंडमधील 2300 हून अधिक मध्यमवयीन पुरुषांच्या सुमारे 20 वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून 4 ते 7 वेळा सौना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अकस्मात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका छोट्या प्रयोगात वजने उचलल्यावर प्रत्येक वेळी 10 अंशांच्या पाण्यात 10 मिनिटे बसणाऱ्यांचे स्नायू तुलनेने कमी वाढले. पहिला अभ्यास जाहिरातींत झळकतो, दुसरा क्वचितच. धावणाऱ्या मुलाचे दुखणे थंड पाण्याने कमी होऊ शकते. शक्ती कमावणाऱ्याने ते व्यायामानंतर लगेच घेऊ नये, हेच अधिक पटते. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उष्ण खोली आणि थंड टाके या दोन्हींपासून दूर राहावे.

विदर्भातील खरी अडचण पाण्याची आहे. बोअरचे पाणी साधारण 27 अंशांचे असते. 300 लिटर पाणी 12 अंशांवर आणायचे तर सुमारे 50 किलो बर्फ लागतो आणि मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात तो टिकतही नाही. माठाप्रमाणे बाष्पीभवनाने पाणी थोडे उतरते, पण 12 अंशांपर्यंत कधीच नाही. म्हणून काहींनी जुने डीप फ्रीझर पाण्याने भरून वापरले. अर्थिंग आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) यांशिवाय हा प्रकार जीवघेणा आहे, आणि ती दोन्ही असली तरी पाण्यात उतरण्याआधी प्लग काढलाच पाहिजे.

उष्ण खोलीची अडचण विजेची. 6 किलोवॉटचा हीटर सिंगल फेजवर सुमारे 26 अँपिअर ओढतो, तेवढा मंजूर भार खेड्यातील बहुतेक मीटरना नसतो आणि शेतीपंपाच्या जोडणीवरून तो चालवणे नियमबाह्य आहे. त्यामुळे बाभळीच्या सरपणावर चालणारी, धुराड्याचा पाइप छताबाहेर काढलेली भट्टी अधिक सोयीची ठरते. धुराडे तुंबले तर बंद खोलीत विषारी वायू साचतो, एवढे मात्र सांभाळावे लागते. हिवाळ्यात टाक्याचाही प्रश्न बराचसा सुटतो. डिसेंबर 2018 च्या अखेरीस नागपुरात पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. अशा दिवसांत कोठ्याबाहेरच्या उघड्या सिमेंटच्या टाक्यातील पहाटेच्या पाण्याला बर्फ लागत नाही.