रानकांदा

(सं. वनपलांडू, कोलकंद, शास्त्रीय नाव : ड्रिमिया इंडिका, जुने नाव अर्जिनिया इंडिका, कुल : अॅस्परॅगेसी). कांद्यासारखा कंद असलेली बहुवर्षायू, विषारी, औषधी वनस्पती. भारताच्या बऱ्याच भागांत ती आढळते. नाशिक जिल्ह्यात मुरमाड माळ आणि डोंगरउतारांवरची उघडी जमीन तिला मानवते.

लासलगावच्या बाजारामुळे देशभर नाव झालेला कांदा अॅलियम प्रजातीतला (जवळच्या जातींचा गट, इं. जीनस) आहे. लसूण आणि लीकही त्यातलेच. या प्रजातीतल्या भारतीय रानवनस्पती मुख्यतः हिमालयात आणि ईशान्येकडे आहेत, सह्याद्रीत नाहीत. रानकांदा पूर्वी कांद्याबरोबरच पलांडू कुलात (लिलिएसी) धरत. आता दोघांची कुले वेगळी मानली जातात. ओळखायची सोपी खूण म्हणजे वास. रानकांद्याचे पान चुरगाळले तरी कांद्याचा उग्र दर्प येत नाही, कारण तो दर्प देणारी गंधकयुक्त संयुगे त्यात नसतात.

कंद फिकट पांढरट, साधारण ५ ते १० सेंमी. लांब, पापुद्र्यांचा बनलेला असतो. उन्हाळ कांदा काढून साठवणीच्या चाळीत भरण्याच्या दिवसांतच रानकांदा फुलतो. त्या वेळी त्याला एकही पान नसते. तापलेल्या मुरमातून एकच सरळ दांडा वर येतो आणि त्यावर लांब देठांची, खाली मान घातलेली, हिरवट-तपकिरी फुले विरळ लागतात. फुलाला सहा परिदले (पाकळ्यांसारखी दले) आणि सहा केसर असतात. फळ तीन कप्प्यांचे बोंड असून बिया काळ्या, चपट्या. पावसाबरोबर लांब, अरुंद, चपटी पाने येतात आणि पुढे सुकून जातात. मग जमिनीवर झाडाचा मागमूस उरत नाही. फुले व पाने एका वेळी दिसत नसल्याने ही दोन निरनिराळी झाडे आहेत असे पाहणाऱ्याला वाटू शकते.

कंदातील सिलारेन ए, प्रोसिलॅरिडीन ए ही ग्लायकोसाइडे (शर्करेचा अंश जोडलेली संयुगे) डिजिटॅलिस या हृदयाच्या औषधी वनस्पतीप्रमाणे हृदयावर काम करतात : पेशीतील सोडियम-पोटॅशियम पंप रोखला जातो आणि हृदयाचे आकुंचन जोरकस होते. अल्प मात्रेत कंद कफ सुटायला मदत करतो आणि मूत्रल (लघवी वाढवणारा) आहे. भूमध्य समुद्राकाठच्या समुद्रकांद्याला (ड्रिमिया मॅरिटिमा) पर्याय म्हणून भारतीय कंद औषधनिर्मितीत आला. त्यासाठी बाहेरचे कोरडे पापुद्रे काढून आतल्या भागाच्या चकत्या वाळवतात. या चकत्या हवेतला ओलावा चटकन शोषून चिवट होतात, म्हणून हवाबंद डब्यात ठेवाव्या लागतात. लोकवैद्यकात भाजलेला कंद तळपायाच्या कुरुपावर आणि चामखिळीवर बांधतात. कच्चा कंद चिरताना हाताला खाज सुटते. त्यातले कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक कातडीत टोचतात.

औषधी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. जास्त झाल्यास मळमळ, उलट्या, जुलाब, नाडी मंदावणे, ठोके अनियमित होणे अशी लक्षणे दिसतात आणि मृत्यूही ओढवू शकतो. त्यामुळे खोकल्यावर घरगुती काढा करण्याजोगे हे औषध नव्हे, मग कोणी कितीही खात्रीने सांगो. हृदयविकाराची, विशेषतः डिगॉक्सिनची गोळी चालू असलेल्याने तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये.

पावसाळ्यात रानकांद्याची गवतासारखी लांब पाने दिसली की लोक ती फोडशी (कुलू) समजून खुडू शकतात. फोडशी ही क्लोरोफायटम प्रजातीतली खरी रानभाजी; बुडाचा टणक दांडा काढून, धुऊन, चिरून, डाळ किंवा बेसन घालून करतात. रोप उपटले तर शंका उरत नाही : फोडशीला बुडाशी मुळांचा झुबका असतो, काही जातींत ती मुळे मांसल असतात, पण पापुद्र्यांचा कांदा कधीच नसतो. पांढरी चांदणीसारखी फुलेही तिला पाने असतानाच येतात.