जुन्या स्क्रोल सॉचा हादरा आणि त्याच्या बुशांमधला खेळ

जुना स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पाते खाली-वर करून लाकडात नक्षी कापणारे मशीन, सुरू केले की टेबल थरथरू लागते, पाते रेघ सोडून सरकते आणि अर्ध्या तासात बोटांना मुंग्या येतात. अशा वेळी आपण सगळे एकच वाक्य बोलतो: मशीन फार हलते. या एका वाक्यात दोन निराळी दुखणी एकत्र बांधली जातात. पहिले दुखणे म्हणजे हादरा. पाते धरणाऱ्या भुजा खाली-वर होताना त्यांच्या वजनाचा जो धक्का पायथ्यापर्यंत पोहोचतो, तो हादरा. दुसरे म्हणजे खेळ, ज्याला वर्कशॉपमध्ये ‘प्ले’ म्हणतात: बुश (पिन ज्यात फिरते ती धातूची नळी), पिन किंवा कनेक्टिंग रॉडचे, म्हणजे गती भुजेपर्यंत नेणाऱ्या दांड्याचे, टोकाचे डोळे झिजल्यामुळे सांध्यांमध्ये निर्माण झालेली पोकळी. हाताला दोन्ही सारखेच जाणवतात, पण एकाचे औषध मशीनच्या बाहेर आहे आणि दुसऱ्याचे आत. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर दुखणे लपते, आणि लपलेले दुखणे वाढत राहते.

हादरा नव्या मशीनलाही असतो. समजा, पात्याची खाली-वर चाल १९ मिमी आहे आणि वेग मिनिटाला १५०० फेऱ्यांचा. अशा वेळी पाते वरच्या टोकाशी थांबून उलट फिरते, त्या क्षणी त्याचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २४ पट असते. म्हणजे भुजेच्या पुढच्या टोकाशी हलणाऱ्या प्रत्येक १०० ग्रॅम वजनामागे जवळपास २.४ किलोचा धक्का, आणि तो सेकंदाला २५ वेळा वर व २५ वेळा खाली. वेग निम्मा केला तर हा धक्का एक चतुर्थांश होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. क्रँकवर, म्हणजे मोटारचे गोल फिरणे खाली-वर चालीत बदलणाऱ्या भागावर, लावलेले उलटे वजन त्यातला काही भाग खाते. मात्र ते वजन स्वतः गोल फिरत असल्यामुळे उभा धक्का जेवढा कमी करते, तेवढाच पुढे-मागे जाणारा धक्का नव्याने निर्माण करते. म्हणून कोणताही डिझायनर हा हादरा पूर्ण मारू शकत नाही, तो फक्त वाटून देतो.

किती हादरा स्वाभाविक मानायचा, हे मशीनच्या जातीवर ठरते. ज्या जुन्या जड सॉमध्ये वरची भुजा ओतीव लोखंडाची आणि स्थिर असते, खालून क्रँक पाते ओढतो आणि वरची स्प्रिंग ते परत नेते, तिथे हलणारे वजन थोडे असते. दोन समांतर भुजांच्या मशीनमध्ये दोन्ही लांब भुजा एकदम वर आणि एकदम खाली जातात, त्यामुळे तिथे धक्का मोठा असतो. डीवॉल्टच्या डीडब्ल्यू ७८८ सारख्या दुहेरी जोडदांड्यांच्या रचनेत लांब दांडे पुढे-मागे सरकतात आणि फक्त टोकाचे आखूड तुकडे खाली-वर होतात, म्हणून हे मशीन मिनिटाला १७५० फेऱ्यांवरही तुलनेने शांत राहते. स्वस्त समांतर भुजांच्या जुन्या मशीनकडून ही शांतता मागणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय.

हादऱ्याला मोठे करून दाखवणारा दुसरा भागीदार म्हणजे स्टँड. प्रत्येक स्टँडची स्वतःची डोलण्याची एक गती असते आणि भुजांची गती तिच्याशी जुळली की लहान धक्क्याचाही मोठा झोका होतो. वेग बदलता येणाऱ्या मशीनवर हे स्पष्ट दिसते: वेग वाढवत नेला की एका ठरावीक टप्प्यावर सगळे थरथरते आणि तो टप्पा ओलांडला की थरथर उतरते. असा टप्पा सापडला तर दोष बहुतेक पायथ्यातच आहे असे समजावे. पत्र्याचे चार पायांचे स्टँड आणि आपल्याकडची किंचित उंचसखल फरशी यांची गाठ पडली की एक पाय हमखास अधांतरी राहतो, म्हणून तीन पायांचे स्टँड मला नेहमीच अधिक पसंत पडते. जाड लाकडी फळी, तिच्यावर बोल्टने घट्ट बसवलेले मशीन आणि खालच्या खणात वाळूची पोती, हा उपाय साधा आणि खात्रीचा आहे. रबराचे तुकडे मात्र विचारपूर्वक वापरावेत. हलक्या मशीनखाली फार मऊ रबर ठेवले की खोलीत जाणारा आवाज कमी होतो, पण मशीन स्वतः अधिक डोलू लागते आणि कापाची रेघ बिघडते.

खेळाची वागणूक अगदी वेगळी असते. झिजलेल्या सांध्यात दर फेऱ्याला दोनदा, म्हणजे भुजा वरून खाली वळताना आणि खालून वर वळताना, पिन बुशाच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटते. १५०० फेऱ्यांवर हे आपटणे सेकंदाला ५० वेळा होते, त्यामुळे कानाला ते सलग घरघरीसारखे लागते आणि आपण त्याला हादरा समजून बसतो. वेग ४०० पर्यंत खाली आणला की हादरा जवळजवळ नाहीसा होतो, पण खडखड तशीच राहते. आवाज लहान होतो, तरी त्यातली टकटक वेगळी ऐकू येऊ लागते. माझ्या दृष्टीने दोघांना वेगळे करण्याची याहून चांगली कसोटी नाही. वेग बदलण्याची सोय नसेल, तर प्लग काढून मोटारचा शाफ्ट हाताने सावकाश फिरवावा. चक्र थोडे फिरले तरी भुजा जागची हलत नाही, असा एखादा मुका टप्पा वरच्या आणि खालच्या टोकाशी लागला, तर तोच खेळ होय.

यानंतर पात्याचा ताण सोडून प्रत्येक भुजा पुढच्या टोकाला धरावी आणि डावी-उजवीकडे हळूच हलवावी. भुजा ४०० मिमी लांब असेल आणि मागच्या खुंटीवरच्या, म्हणजे भुजा जिच्यावर झुलते त्या आसावरच्या, दोन बुशांमध्ये ४० मिमी अंतर असेल, तर बुशातली केसाएवढी पोकळी पात्यापाशी दहापट होऊन दिसते. पाते मुळीच न लावता समांतर भुजांचे मशीन चालवून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. दोन्ही भुजांना एकत्र बांधणारा दुवा पाते हाच असतो, आणि तो नसताना एक भुजा मोकळी सुटून आदळते.

आता चुकीच्या उपचाराविषयी. माझ्या १६ इंची जुन्या मशीनला मी प्रथम वाळूची पोतीच दिली. टेबलावर काठावर उभे केलेले पाच रुपयांचे जुने जाड नाणे, जे आधी लगेच लोळत असे, ते उभे राहू लागले आणि मी समाधानाने देव्हाऱ्याच्या जाळीचे काम हाती घेतले. काही महिन्यांनी जाळीचे कोपरे तिरके येऊ लागले. तेव्हा वरच्या भुजेची खुंटी उघडली, तर बुशाचे भोक गोलाचे लंबगोल झाले होते आणि खाली काळपट सोनेरी चुरा साचला होता. झीज आधीपासूनच होती, पोत्यांनी फक्त तिचा आवाज गिळला होता. याच्या उलट चूकही तितकीच सर्रास होते: हादरा आहे म्हणून खुंटीचा बोल्ट आवळत जाणे. त्यामुळे बुश बाजूंनी दाबला जाऊन तापतो, भुजा जड होते, मोटार कण्हू लागते आणि ज्या सांध्यात खेळ नव्हता तिथे तो तयार होतो. बोल्ट एवढाच आवळावा की मागची जोडणी सोडलेली भुजा स्वतःच्या वजनाने सावकाश खाली यावी, आणि मग चेक नट, म्हणजे पहिला नट सैल होऊ नये म्हणून त्यावर आवळायचा दुसरा नट, लावून तो तिथेच बांधावा.

बुश काढण्याआधी तो कोणत्या जातीचा आहे हे पाहणे जरुरीचे आहे. अनेक मशीनमध्ये तेल शोषून ठेवणारे सच्छिद्र ब्राँझचे बुश असतात. त्यांच्यावर ग्रीस थापले तर छिद्रे बुजतात आणि बुश कोरडा पडतो. त्यांना पातळ तेलच हवे. मशीन एका कुशीवर आडवे करावे, खुंटीच्या टोकाशी तेलाचे थेंब सोडून रात्रभर मुरू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी कूस बदलून पुन्हा तसेच करावे. कोरडेपणामुळे होणारी खडखड यानेच थांबते. दांड्यांच्या सांध्यांत सुईसारखे रोलर असलेली बेअरिंगे असतील, तर तिथे मात्र ग्रीसच योग्य. भोक खरोखर लंबगोल झाले असेल तर टर्नरकडून (लेथवर काम करणाऱ्याकडून) गनमेटलचा, म्हणजे एका प्रकारच्या ब्राँझचा, नवा बुश करून घ्यावा आणि पिनही त्याच्याबरोबर नवी घालावी, कारण जुन्या पिनेवर पडलेला चर नव्या बुशाला लवकरच खाऊन टाकतो. सच्छिद्र बुशाचे भोक ड्रिलने मोठे करू नये, धातू पसरून छिद्रे बंद होतात.

पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनमध्ये आणखी एक फसवणूक असते. वर्षानुवर्षे पुलीवर ताणून राहिलेल्या व्ही-पट्ट्याला बाक धरतो आणि तो दर फेऱ्याला एक ठोका देतो. पट्टा उतरवून नुसती मोटार चालवून पाहिली की हे दोन मिनिटांत कळते. परदेशातून सामानाबरोबर आणलेल्या अमेरिकन मशीनच्या बाबतीतही सावध राहावे. तिथली ६० हर्ट्झची १७२५ फेऱ्यांची इंडक्शन मोटार आपल्या ५० हर्ट्झवर सुमारे १४४० फेऱ्यांनीच फिरते, कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी नाही. वेग घटल्याने हादरा सुमारे तीन दशांशाने कमी होतो, आणि मालकाला वाटते की मशीन अगदी ठणठणीत आहे. बुशांमधला खेळ मात्र तेवढाच असतो, आणि मोटार तिथल्यापेक्षा अधिक तापते ती वेगळीच.

दोन्ही दुखणी एकाच मशीनला असतील, आणि जुन्या मशीनला ती बहुधा असतातच, तर आधी खेळ काढावा आणि मगच वजन घालावे. माझ्या मशीनचे दोन्ही बुश बदलल्यावर मी पोती बाजूला काढून ते पुन्हा चालवले. ४०० फेऱ्यांवर टकटक नव्हती, ९०० च्या आसपास स्टँडचा झोका जागच्या जागी होता आणि ११०० च्या पुढे तो ओसरला. पोती परत खणात गेली. वेगाच्या बटणाभोवती त्या मधल्या टप्प्यावर मी लाल खूण केली आहे आणि काम त्या खुणेच्या खाली किंवा वर करतो.