रिस्टोअर केलेली गाडी आणि रिस्टोमॉड: घोळ नेमका कुठे होतो

दर उन्हाळ्यात एकदा तरी हे ऐकावं लागतं. रविवारी सकाळी न्यू जर्सीतल्या एखाद्या पार्किंग लॉटमध्ये जुन्या गाड्या जमलेल्या असतात, कॉफीचे कप हातात असतात, आणि कुणीतरी १९६६ च्या फोर्ड मस्टँगचं बोनेट उघडून छाती फुगवून सांगतो, "पूर्ण रिस्टोअर केलीय." आत डोकावावं तर कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन, ॲल्युमिनियमचा रेडिएटर, आणि आतल्या गिअरच्या दांड्यावर पाच आकडे. गाडी झकास असते. शब्द साफ चुकलेला असतो. ती गाडी रिस्टोअर केलेली नाही, ती रिस्टोमॉड आहे. जुनं अंग आणि नवी हाडं.

शब्दाचा कीस मी उगाच काढत नाहीये. हा घोळ डोक्यात ठेवून काम सुरू करणारे लोक अर्ध्या वाटेत अडकतात. त्यांत मीही होतो.

रिस्टोरेशन तुम्हाला माहीत आहे, म्हणून भरभर उरकतो. गाडी कारखान्यातून ज्या दिवशी बाहेर पडली त्या दिवशी जशी होती, तशी करायची. माझ्या १९६६ च्या मस्टँग हार्डटॉपच्या, म्हणजे पक्क्या छपराच्या गाडीच्या, चासी नंबरात दुसऱ्या जागी टी आहे, म्हणजे ती मेटचनच्या कारखान्यातली. नाव मेटचनचं असलं तरी कारखाना होता एडिसनमध्ये, रूट १ वर. २००४ मध्ये तो बंद झाला. आपण देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर कढीपत्ता आणायला जातो तिथून काही मैलांवर ही गाडी जन्मली, याचं मला अजून अप्रूप वाटतं. दारावरच्या पाटीवर रंग, आतलं कापड, तारीख, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल यांचे कोड असतात. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांची कारखान्यातली नोंद मार्टी रिपोर्टमधून मागवता येते, १९६६ वाल्यांना ती पाटीच वाचावी लागते. खरे कट्टर लोक सस्पेन्शनवर कामगारांनी मारलेले रंगाचे ठिपकेसुद्धा पुन्हा मारतात, आणि कारखान्यात रंगाचा ओघळ जिथे यायचा तिथे तो मुद्दाम आणतात. मला ते जमणार नाही, पण त्यांच्यापुढे मी टोपी काढतो.

किरकोळ फरक एका दमात सांगतो. खर्चावरून ओळखता येत नाही, दोन्हीकडे विहिरीला तळ नाही. चकाकीवरून तर अजिबात नाही. नवे पार्ट लावले म्हणून गाडी रिस्टोमॉड होत नाही. पहिल्या पिढीतल्या मस्टँगचे जवळजवळ सगळे पार्ट आज नव्याने बनतात, पत्र्याचा अख्खा सांगाडासुद्धा नवा कोरा विकत मिळतो. नवा पत्रा मूळ नमुन्यासारखा बसवला तर ते रिस्टोरेशनच.

जाहिरातीतल्या दोन शब्दांनी मात्र माझं डोकं फिरतं. पहिला, "फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन." अहो, मस्टँगला वेगळी फ्रेमच नाही. पत्र्याचं अंग हाच तिचा सांगाडा. काय उचलून बाजूला ठेवलंत? दुसरा, "इंजिनाचा नंबर जुळतो." १९६६ मध्ये गाडीचा नंबर इंजिनावर ठोकलेला असायचा तो फक्त के-कोडच्या (चासी नंबरातलं इंजिनाचं अक्षर के), २७१ अश्वशक्तीच्या २८९ घनइंची व्ही-८ इंजिनावर. माझ्यासारख्या साध्या सी-कोड २८९ वर तो नसायचाच, ती पद्धत आली १९६८ पासून. साध्या गाडीचा मालक फार तर इंजिनाच्या ओतकामाची तारीख गाडीच्या तारखेच्या थोडी आधीची आहे एवढं दाखवू शकतो. तेवढंच म्हणा ना.

आता मुद्द्याचं.

लोक म्हणतात, "रिस्टोमॉड सोपं. मूळ पार्ट शोधत बसायची कटकट नाही, कॅटलॉगमधून चांगला पार्ट मागवायचा आणि लावायचा." खरा घोळ इथे आहे. रिस्टोरेशनमध्ये प्रत्येक पार्टचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, आणि ते उत्तर फोर्डच्या इंजिनिअरांनी एकमेकांशी ताडून ठरवलेलं असतं. तुम्ही योग्य वॉटर पंप आणलात की तो योग्यच, बाकीची गाडी उघडी पडली असली तरी. रिस्टोमॉडमध्ये एकटा पार्ट बरोबरही नसतो आणि चूकही नसतो. तो शेजाऱ्यांशी पटवून घेतो का, एवढाच प्रश्न. आणि ते बघायला फोर्डचा इंजिनिअर नसतो, तुम्ही असता.

माझी फजिती सांगतो. गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. हायवेवर पुढची गाडी अचानक थांबली की पोटात गोळा यायचा, म्हणून पुढे डिस्क लावल्या. एका शनिवारचं काम. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकच्या नळ्यांत तेल ढकलणारा पंप, जुनाच ठेवला, कारण तो गळत नव्हता. पंधरा-वीस मैल गेलो आणि पुढून जळका वास यायला लागला. रिमला हात लावला तर चटका बसला.

झालं होतं असं. ड्रमसाठी बनवलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो पाय काढल्यावरही लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमच्या आत ब्रेक शू मागे खेचायला दणकट स्प्रिंग असतात, त्यामुळे तिथे तो दाब कुणाला जाचत नाही. डिस्कला तशा स्प्रिंग नसतात. तोच दाब पॅडला सतत डिस्कवर रेटत राहिला. म्हणून डिस्क आणि ड्रम अशा जोडीसाठीचा मास्टर सिलिंडर आणला. तो ब्रेक ऑइलच्या दोन टाक्यांचा होता हे बरंच झालं: १९६६ चा मूळ सिलिंडर एकाच टाकीचा, एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. मस्टँगला दोन टाक्या १९६७ च्या मॉडेलपासून आल्या. पण आता मागची चाकं लवकर लॉक व्हायला लागली, म्हणून मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला. ड्रम फिरता फिरता स्वतःच शूला आपल्याकडे ओढून पायाला मदत करतो, डिस्क तशी मदत करत नाही, म्हणून पेडल जड झालं आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर आला. एवढ्यात मूळ १४ इंची रिम पॅड धरणाऱ्या कॅलिपरला घासते हे लक्षात आलं होतंच, म्हणून १५ इंची रिम आणि नवे टायर. एका शनिवारचं काम दिवाळीपर्यंत चाललं.

यातली गंमत अशी की १९६६ मध्ये फोर्ड स्वतःच जादा पैसे घेऊन पुढे डिस्क देत असे. तशी गाडी कुणी रिस्टोअर करत असेल तर त्याला यातला एकही प्रश्न पडणार नाही, कारण रिमपासून व्हॉल्व्हपर्यंत सगळं कुणीतरी साठ वर्षांपूर्वी सोडवून ठेवलंय. डिस्क त्याही आणि माझ्याही. काम मात्र दोन वेगळ्या जातींचं.

सहा सिलिंडरची स्वस्त मस्टँग घेऊन "व्ही-८ टाकू की" म्हणणाऱ्यांना हे आधी सांगावंसं वाटतं. १२० अश्वशक्तीच्या त्या गाडीच्या प्रत्येक चाकाला चारच नट असतात, व्ही-८ ला पाच. तिचा मागचा ॲक्सल नाजूक, ड्रम ९ इंची, पुढच्या स्प्रिंग हलक्या, रेडिएटर लहान. इंजिन बसतं, त्याचं काही नाही. मग ॲक्सल बदला, पुढची चाकं ज्यावर फिरतात ते स्पिंडल बदला, ब्रेक बदला, रेडिएटर बदला. व्ही-८ वालीच घेतली असती तर पैसे वाचले असते.

याहून खोडसाळ सापळा पाच गिअरच्या टी-५ गिअरबॉक्सचा. १९८० च्या दशकातल्या मस्टँगमधून हा गिअरबॉक्स काढून जुन्या गाडीत बसवायची पद्धत जुनी आणि उत्तम आहे. पण त्याच्याबरोबर त्याच गाडीचं फ्लायव्हील (इंजिनाच्या मागचं जड चक्र) उचललंत तर इंजिन हातोडा मारल्यासारखं थरथरेल. जुन्या २८९ चं फ्लायव्हील २८ औंस-इंचाच्या तोलाचं असतं, १९८० च्या दशकातल्या ५.० लिटरचं ५० चं. हातात घेतलं तर दोन्ही सारखीच दिसतात.

एका बदलामागून दुसरा बदल, ही साखळी किती लांब जाते हे बघितलं की दुसरी एक रेषा दिसते. काही साखळ्या पान्याने सुटतात, काही कटरपाशी जाऊन थांबतात. २०११ पासूनच्या मस्टँगमधलं कोयोटी इंजिन आजकाल सगळ्यांना हवं असतं. ते इतकं रुंद आहे की १९६६ च्या गाडीत दोन्ही बाजूंचे शॉक टॉवर कापावे लागतात. हे टॉवर शोभेचे नाहीत. स्प्रिंगचा भार त्यांच्यावर असतो आणि गाडीच्या पुढच्या भागाची ताकदही. ते कापले की पुढचं सस्पेन्शन नवं, मजबुतीचं वेल्डिंग नवं, आणि परतीचा रस्ता बंद. आजीच्या पैठणीला रफू करणं वेगळं आणि तिचा ड्रेस शिवणं वेगळं. ड्रेस छान दिसेलही, पण कात्री लागल्यावर ती नेसता येत नाही.

के-कोडच्या गाडीला कुणी कटर लावला तर मी त्याच्याशी बोलणार नाही. पण १९६६ च्या मॉडेलच्या सहा लाखांहून जास्त मस्टँग बनल्या, त्यातली साधी हार्डटॉप नुसती झाकून ठेवण्यात काय हशील? ती चालवायलाच आहे. माझ्या गाडीत प्लॅटिनम पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, डिस्क आहेत, रेडियल टायर आहेत, तीन टोकांचे सीटबेल्ट आहेत आणि आता टी-५ आहे. आधीच्या तीन गिअरच्या ऑटोमॅटिकवर ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या आसपास फिरायचं, आता पाचव्यात १९०० ला शांत असतं. गाण्याचे शब्द कळतात. सगळं पान्याने उतरवता येईल असं.

एक अपवाद केला. पुढच्या सस्पेन्शनचा वरचा आर्म एक इंच खाली घ्यायला टॉवरमध्ये नवी भोकं पाडली. जुनी भोकं शाबूत आहेत, म्हणून मी स्वतःला माफ केलं. शर्यतीच्या मस्टँग बनवणाऱ्या कॅरोल शेल्बीच्या नावावरून याला सगळे शेल्बी ड्रॉप म्हणतात, पण डोकं फोर्डचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांचं. वळणावर गाडी अशी चिकटते की एवढ्या एका बदलासाठी मी सगळं फ्युएल इंजेक्शन ओवाळून टाकीन. वीस इंची रिम लावणाऱ्यांनी ते पैसे इथे घालावेत.

गाडी विकत घेताना "रिस्टोअर्ड" वाचलंत तर चकाकीकडे बघू नका. काय बदललं आणि त्याच्यापायी आणखी काय काय बदलावं लागलं, एवढं विचारा. ज्याने साखळी खरंच पूर्ण केलीय तो अर्धा तास बोलतो. ज्याने नाही केली तो रंगाबद्दल बोलतो. बसायच्या आधी त्या माणसाचा मास्टर सिलिंडर मात्र जरूर बघा.

माझ्या गॅरेजच्या फळीवर चार खोकी आहेत: ड्रम, एका टाकीचा मास्टर सिलिंडर, पॉइंट आणि कार्ब्युरेटरचं किरकोळ, १४ इंची रिम. जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खाली ताडपत्रीत आहे, आणि बायको दर दिवाळीच्या आवराआवरीत त्याला ठेचकाळते. गाडी विकेन तेव्हा हे सगळं तिच्यासोबत जाईल.