सीओडी पास, मग मासे का मेले?

(मासे-चाचणीसाठी सांडपाण्याचा नमुना देणाऱ्या ग्राहकांसाठी)

"सीओडी २५०च्या आत, बीओडी ३०च्या आत, तरी फेल कसं?" हा फोन आम्हाला नेहमीचाच. हे दोन आकडे पाणी किती ऑक्सिजन खाईल एवढंच सांगतात. पाणी विषारी आहे का, ते माशालाच विचारावं लागतं. म्हणून नियमात ही चाचणी वेगळी आहे: काहीही न मिसळलेलं सांडपाणी, ९६ तास, आणि शेवटी दहातले निदान नऊ मासे जिवंत.

नापास नमुन्यांत पुष्कळदा मासे तुमच्या मालामुळे मेलेले नसतात, हायपोमुळे (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनवालं ब्लीच) मेलेले असतात. लॅबला नमुना जायचा म्हटलं की ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा) ऑपरेटर सढळ हाताने हायपो ओततो. रंग जातो, वास जातो, पाणी चकाचक! क्लोरीन माशाचे कल्लेच जाळतो. सोडायच्या पाण्यात शिल्लक क्लोरीन लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. मासा त्याच्या दहाव्या हिश्शातही मरू शकतो. म्हणजे एकाच कॅनमधलं पाणी क्लोरीनच्या रकान्यात पास आणि माशांच्या रकान्यात नापास. "रात्रभर ठेवलं की उडून जातो" यावरही विसंबू नका. पाण्यात अमोनिया असला की क्लोरामाइन तयार होतात आणि ती लवकर जात नाहीत.

"मग थायोसल्फेट तुम्हीच टाका की!" (गंमत म्हणजे जुने फोटोवाले 'हायपो' म्हणायचे ते हेच, क्लोरीन मारणारं.) आम्ही ते परस्पर टाकत नाही. रिपोर्ट नाल्यात जाणाऱ्या पाण्याचा हवा, आम्ही सुधारलेल्या पाण्याचा नव्हे. लेखी कळवलंत तर दोन टाक्या लावतो: एकीत पाणी जसंच्या तसं, दुसरीत क्लोरीन काढलेलं. दुसरीतले जगले तर दोष कुठे ते कळलं. नव्या प्लांटचं कोटेशन मागवण्याआधी एवढा खर्च जरूर करा. दोन्हीकडचे मेले तर पीएच आणि अमोनिया बघतो. चुना जास्त पडला की साधा अमोनियाही जहाल होतो.

"उद्या रिपोर्ट द्या" म्हणू नये. ९६ तास म्हणजे चार दिवस, पैसे जास्त दिले तरी. शिवाय तिसऱ्या टाकीत नुसतं साधं पाणी असतं. त्यातले दहात एकाहून जास्त मासे मेले तर चाचणी आम्हीच रद्द करतो आणि आमच्या खर्चाने पुन्हा लावतो.

कूलिंग टॉवरची औषधं, रंग, साबण बनवणाऱ्यांसाठी डॅफ्नियावरची (पाण्यातला बारीक जीव) ४८ तासांची चाचणीही करतो. त्यासाठी माल आणि एसडीएस (मालाची सुरक्षा-माहिती पत्रिका) सोबत द्या.

नमुना रोजच्या डोसिंगवरच घ्या, म्हणजे हायपो वगैरे रोज टाकता तेवढंच टाकून. कॅन आमच्याकडून न्या, फुकट आहे. फिनेलचा धुतलेला कॅन चालत नाही. काठोकाठ भरा, बर्फात ठेवा, वेळ लिहा आणि त्याच दिवशी पोचवा. शक्यतो सोमवारी. बुधवारी लावलेली चाचणी रविवारी संपते, आणि मासे मोजायला आमचाच माणूस येतो.