‘स्टार ट्रेक’: सुटी गोष्ट, सलग गोष्ट

२०१७ साली ‘डिस्कव्हरी’ ही नवी मालिका सुरू झाली तेव्हापासून ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकांच्या चाहत्यांमध्ये एक वाद धुमसतो आहे. आधी दर आठवड्याला नवा ग्रह, नवा पेच आणि तासाभरात त्याचा निकाल लागायचा. आता सीझनभर एकच रहस्य चालतं. काहींना ही प्रगती वाटते, काहींना मालिकेचा घात. मला या भांडणात दोन साध्या कसोट्या हव्या आहेत: घडलेल्या गोष्टीची आठवण पात्रांना राहते का, आणि आजचा भाग आजच्यापुरता पुरा होतो का? या मालिकांच्या इतिहासात दोन्ही एकत्र साधल्याचे काळ फार थोडे आहेत.

मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर आली आणि तीन सीझन, ७९ भाग चालली. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी थिओडोर स्टर्जन, रिचर्ड मॅथिसन, हार्लन एलिसन अशा विज्ञानकथा लेखकांकडून पटकथा घेतल्या. त्यामुळे त्या भागांची घडण मासिकातल्या विज्ञानकथेसारखी होती, म्हणजे एक कल्पना, तिचा ताण आणि शेवट. हीच त्यांची ताकद. एप्रिल १९६७मध्ये आलेल्या ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’मध्ये यानाचा कॅप्टन कर्क भूतकाळात जातो, एका स्त्रीच्या प्रेमात पडतो आणि इतिहास वाचवण्यासाठी तिला डोळ्यांदेखत मरू देतो. पुढच्याच आठवड्यात त्याचा सख्खा भाऊ मेलेला दिसतो. माणूस कोलमडून जावा असे दोन घाव, पण त्यानंतरच्या भागांत कर्कवर त्यांचा ओरखडाही दिसत नाही.

तेव्हाच्या टीव्हीची रीतच तशी होती. चुकलेला भाग पुन्हा बघायची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक भाग नव्या प्रेक्षकालाही कळायला हवा होता. १९६९मध्ये मालिका बंद पडली आणि मग जुने भाग अमेरिकेतल्या स्थानिक केंद्रांना विकले गेले. खरी लोकप्रियता तिथे वाढली. कोणत्या भागानंतर कोणता, याने काही बिघडत नव्हतं. आपल्याकडे १९८०च्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका लागायची, तेव्हाही मागचं-पुढचं ठाऊक नसलेल्या माणसाला एखादा भाग पाहून पुरी गोष्ट मिळायची.

आठवण या जगात शिरली ती चित्रपटातून. १९६७च्या ‘स्पेस सीड’ या भागात कर्क खान नावाच्या माणसाला एका ग्रहावर सोडून निघून जातो. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे विषय तिथे संपला. १९८२च्या ‘द रॅथ ऑफ खान’मध्ये दिग्दर्शक निकोलस मेयर यांनी तोच खान परत आणला: बायको गमावलेला, सूडाने पेटलेला. कर्कने त्या ग्रहाकडे पुन्हा कधी वळूनही पाहिलं नाही, हे आता त्याच्या अंगाशी येतं. मालिकेची जुनी विसरभोळी सवय इथे थेट कथेचा विषय झाली. हा चित्रपट आजही सगळ्यांत सरस वाटतो, त्याचं कारण मला इथे दिसतं.

१९८७ची ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही पुढची मालिका कोणत्याही राष्ट्रीय वाहिनीकडे न जाता थेट स्थानिक केंद्रांना दिली गेली. रॉडनबेरींचा आग्रह असा की भविष्यातल्या माणसांत आपापसात भांडणं नकोत. पहिले दोन सीझन त्यामुळे ताठ झाले आहेत. १९८९मध्ये तिसऱ्या सीझनला मायकेल पिलर लेखनप्रमुख झाले. त्यांनी बाहेरच्या नवोदितांच्या पटकथाही वाचायला घेतल्या, आणि रोनाल्ड डी. मूर त्याच वाटेने आत आले. जून १९९०मध्ये ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’चा पहिला भाग कॅप्टन पिकार्ड बोर्ग या शत्रूच्या तावडीत असताना थांबला आणि प्रेक्षक उन्हाळाभर अडकून राहिले. सगळे त्याचंच कौतुक करतात. मला मात्र मोठी घटना वाटते ती सुटकेनंतरचा ‘फॅमिली’ हा भाग. मूर यांनी लिहिलेल्या या भागात शत्रू नाही, संकट नाही. पिकार्ड फ्रान्समधल्या गावी भावाकडे जातो, द्राक्षमळ्याच्या चिखलात दोघं झोंबतात, आणि बोर्गने आपल्याकडून जे करवून घेतलं त्याबद्दल तो ढसाढसा रडतो. रॉडनबेरींना ही पटकथा रुचली नव्हती. पण पिकार्ड खऱ्या अर्थाने माणूस झाला तो इथेच.

पुढचं पाऊल अंतराळस्थानकावर घडणाऱ्या ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेचं (१९९३ ते १९९९). यान प्रश्न सोडवून पुढे निघून जातं. अंतराळस्थानक हलत नाही, तिथल्या माणसांना केलेलं निस्तरावं लागतं. आयरा स्टीव्हन बेहर आणि त्यांच्या लेखकांनी स्टुडिओची नाखुशी सोसून डोमिनियन या शत्रू साम्राज्याशी चाललेलं युद्ध वाढवत नेलं. सहाव्या सीझनची सुरुवात तर सलग सहा भागांच्या कथानकाने झाली. तरी भागाचं भागपण त्यांनी सोडलं नाही. १९९८चा ‘इन द पेल मूनलाइट’ घ्या. रोम्युलन या परग्रहवासीयांना आपल्या बाजूने युद्धात ओढण्यासाठी स्थानकाचा प्रमुख सिस्को खोटा पुरावा तयार करवतो, त्यापायी खून होतात, आणि शेवटी तो स्वतःला बजावतो की हे ओझं घेऊन मी जगू शकतो. युद्धाशिवाय ही गोष्ट घडली नसती, आणि तरी एका तासात ती पुरी होते. माझ्या लेखी सबंध फ्रँचायझीतला कळस हाच.

त्याच काळात ‘व्हॉयेजर’ या मालिकेने उलटी वाट धरली. घरापासून ७०,००० प्रकाशवर्षं दूर फेकलेलं यान, म्हणजे टंचाई आणि झीज दाखवायची केवढी संधी! पण पुढच्या आठवड्यात यान पुन्हा लखलखीत. १९९७च्या ‘इयर ऑफ हेल’मध्ये त्याची पार चाळण होते आणि शेवटी काळच मागे फिरवून सगळं पुसलं जातं. मूर या मालिकेत थोडेच दिवस टिकले. बाहेर पडल्यावर त्यांनी नवी ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही विज्ञानकथा मालिका उभी केली. त्यात झीजच झीज आहे.

मग स्ट्रीमिंग आलं. आता कुठलाही भाग केव्हाही पाहता येतो, त्यामुळे विसरभोळेपणाची गरज उरली नाही. पण ‘डिस्कव्हरी’ने दुसरी कसोटी सोडून दिली. भाग म्हणजे लांब चित्रपटाचा तुकडा झाला, आणि ताण टिकवायला दर सीझनला आकाशगंगाच पणाला लागू लागली. सगळं विश्व वारंवार बुडायला लागलं की एका माणसाच्या मरणाचं मोल उरत नाही. पहिल्या सीझनमधला, हॅरी मड नावाचा ठग यानाला काळाच्या फेऱ्यात अडकवतो तो भाग चाहत्यांना आजही आठवतो, कारण तो स्वतंत्र गोष्ट सांगतो.

२०२२च्या ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ने सुटी गोष्ट परत आणली, तीही आठवण न गमावता. आपल्या वाट्याला कोणता भीषण अपघात येणार हे कॅप्टन पाइकला ठाऊक आहे, आणि ती जाणीव भागामागून भाग त्याच्यासोबत राहते. अडचण आहे ती जागेची. ‘द नेक्स्ट जनरेशन’ला बहुतेक सीझनमध्ये २६ भाग मिळत, इथे १० मिळतात. दहांतला एक पूर्ण भाग द्राक्षमळ्यात रडणाऱ्या कॅप्टनवर खर्च करायला आज कोणता निर्माता तयार होईल?